पाहुण्याचे कपाट : घरात बांधलेल्या इग्वानाच्या पिंजऱ्याच्या नोंदी

रामबाग, इंदूर

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

मावसभावाची बदली परदेशी झाली, तेव्हा "पंधरा दिवस सांभाळ, मग काही तरी व्यवस्था करतो" असे सांगून त्याने जो हिरवा इग्वाना आमच्याकडे ठेवला, त्याला आता सात महिने झाले आहेत. आईने पहिल्याच दिवशी त्याला 'पाहुणा' म्हटले आणि तेच नाव त्याला चिकटले. सुरुवातीला ती त्याला घोरपडच समजत होती. घोरपड मांस खाते आणि ती घरात ठेवणे हा गुन्हा आहे. हा प्राणी मात्र मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या झाडांवर राहणारा असून पाला, फुले आणि फळे यांखेरीज सहसा काही खात नाही, हे समजावून सांगितल्यावर तिचा विरोध निम्म्यावर आला.

कागदपत्रांचे काम आधी उरकले. हिरवा इग्वाना 'साइट्स' या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवरची नोंद आणि हस्तांतराची माहिती हे दोन्ही झाल्याशिवाय सुतारकामाला हात लावायचा नाही, असे मी ठरवले होते.

आजची मापे अशी : नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत २८ सेंटिमीटर, शेपटीसह ९४ सेंटिमीटर, वजन ८२० ग्रॅम. सध्या तो चार फुटी काचेच्या टाकीत आहे. टाकीत वळताना त्याची शेपटी दुमडते आणि काचेवर घासून घासून नाकाच्या टोकाचे खवले पांढुरके झाले आहेत. पूर्ण वाढीचा नर दीड मीटरच्याही पुढे जातो, त्यामुळे आजच्या मापाचे काही बांधले तर दोन वर्षांनी पुन्हा हेच काम करावे लागेल. शिवाय हा झाडावरचा प्राणी आहे. त्याला लांबीपेक्षा उंची अधिक लागते. सहा फूट उंच, सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल हे माप नक्की केले. याला पिंजरा म्हणणे कठीण आहे, म्हणून घरात सगळे आतापासूनच 'कपाट' म्हणू लागले आहेत.

९ ऑक्टोबर

जागा ठरवण्यात तीन संध्याकाळी गेल्या. घर जुने आहे आणि पहिल्या मजल्याची फरशी लाकडी तुळयांवर टेकलेली आहे. प्लाय, काच, पाण्याचा टब आणि फांद्या मिळून वजन दोनशे किलोच्या आसपास जाते, असा हिशेब निघाला. म्हणून खोलीच्या मधोमध न ठेवता, तुळया ज्या भिंतीत शिरतात त्या जाड भिंतीलगत कपाट येईल. ही भिंत पूर्वेची आहे. हिवाळ्यात सकाळपर्यंत ती गार असते, तेव्हा मागच्या बाजूने थंडी रोखावी लागणार.

खोलीचे दार ३२ इंचांचे असल्यामुळे तयार खोके आत येणे शक्यच नाही. सगळे भाग सुटे करून वर आणायचे आणि खोलीतच नट-बोल्टने जोडायचे. पुढे कधी घर रंगवायचे किंवा बदलायचे झाले, तर ते उलगडताही येईल.

खरा प्रश्न लाकडाचा नसून हवेचा आहे. पाहुण्याला शेकायच्या जागी ३५ ते ३८ अंश, बाकी कपाटात २६ ते ३० अंश, रात्री २३ च्या खाली नाही, आणि हे सगळे ६५ ते ७५ टक्के आर्द्रतेत हवे. माळव्याचा हिवाळा याच्या अगदी उलट आहे, थंड आणि कोरडा. त्यातही हवा नुसती तापवली की ती आणखी कोरडी होते : खोलीत २० अंशाला ४० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३० अंशाला नेल्यावर आर्द्रता साधारण २२-२३ टक्क्यांवर येते, कारण बाष्प तेवढेच राहते आणि ते धरून ठेवण्याची हवेची क्षमता मात्र वाढते. म्हणजे जितके तापवू, तितके पाणी घालावे लागणार. आणि जितके पाणी घालू, तितका प्लाय फुगण्याचा धोका वाढणार. हे कपाट या एकाच भांडणाभोवती बांधायचे आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

मुहूर्तावर लाकूड आणावे हा आईचा आग्रह, आणि मला सुटी, म्हणून प्लाय आजच आणला. पाया, छत आणि दोन्ही बाजूंसाठी १८ मिलिमीटरच्या चार शीट, पाठीसाठी १२ मिलिमीटरच्या दोन. दुकानदार साधा पाणीरोधक प्लाय देऊ करत होता, पण मी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लायच घेतला. आयएस ३०३ चा शिक्का असलेला प्लाय कपडे ठेवायच्या कपाटाला पुरेसा असतो. चोवीस तास दमट राहणाऱ्या खोक्याला तो पुरणार नाही. दरातला फरक जाणवण्याइतका होता, हे खरे.

पीव्हीसी फोम बोर्डाचाही विचार केला होता. त्याला पाण्याची भीती नाही, परंतु दिव्याच्या उष्णतेने तो वाकतो आणि जड फांदीचा स्क्रू त्यात घट्ट बसत नाही.

२० ऑक्टोबर

आठ बाय चारच्या प्रत्येक शीटमधून सहा बाय तीनचा एकच तुकडा निघतो आणि एक फुटी पट्टी उरते. याच पट्ट्यांतून पुढचा खालचा उंबरठा (१० इंच), वरची झालर (८ इंच) आणि आतले दोन कट्टे निघाले. उंबरठा उंच ठेवण्यामागे हेतू आहे : दार उघडल्यावर टबातले पाणी आणि खाली अंथरलेला कागद बाहेर येऊ नये. वरच्या झालरीमागे दिवे लपतात आणि समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.

मिस्त्रींनी नकाशा पाहून "इतने में तो आदमी का कमरा बन जाए, साहब" असे म्हटले आणि मग तो उलटा धरून पुन्हा नीट पाहिला. त्यांचे काम मात्र स्वच्छ आहे. सागाच्या दीड इंची चौकटीवर प्लाय बसवला, प्रत्येक सांध्याला सहा बोल्ट दिले आणि सगळे कपाट चार इंची लाकडी पायांवर उचलले, म्हणजे फरशी पुसताना पाणी खाली मुरणार नाही.

वरून उघडणारे झाकण असावे, म्हणजे साफसफाई सोपी जाईल, असे त्यांनी सुचवले होते. ते मी नाकारले. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला आकृती दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो, आणि वरून सावली पडली की घार-ससाण्याच्या भीतीने तो बिथरतो. टाकीत मी वरून हात घालत असे, तेव्हा प्रत्येक वेळी पाहुणा शेपटीचा फटका का मारायचा, याचे उत्तर मला बऱ्याच उशिरा मिळाले. या कपाटात हात नेहमी समोरून आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरूनच जाईल.

२७ ऑक्टोबर

पाण्याच्या टाक्यांना आतून लावतात तसल्या दोन भागांच्या इपॉक्सीचे, म्हणजे कडक होणाऱ्या राळेच्या लेपाचे, तीन हात दिले. पृष्ठभागापेक्षा कडांवर अधिक वेळ घालवला, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. कापलेल्या प्रत्येक कडेला आधी पातळ हात देऊन मुरू दिला आणि मग जाड हात दिला. बोल्टसाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनही बारीक ब्रश फिरवला. ब्रशचे केस इपॉक्सीत चिकटून राहतात. ते ओले असतानाच चिमट्याने काढावेत. वाळल्यावर तीच जागा घासावी लागली.

३ नोव्हेंबर

दिवाळीमुळे आठवडाभर काम बंद. इपॉक्सीला पूर्ण पक्के व्हायला तेवढा वेळ हवाच होता. फटाक्यांच्या तीन रात्री पाहुण्याच्या टाकीवर जाड सोलापुरी चादर टाकून ठेवली होती. त्याने दोन दिवस काही खाल्ले नाही, तिसऱ्या दिवशी जास्वंदीचे फूल घेतले.

१० नोव्हेंबर

आजची चूक पूर्णपणे माझी आहे. सरकत्या काचांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या होत्या. वरची खोबण खोल आणि खालची उथळ असते. काच आधी वर ढकलून घ्यायची आणि मग खाली सोडायची, अशी ती रचना. मी माप घेतले ते खालच्या खोबणीच्या तळापासून वरच्या खोबणीच्या माथ्यापर्यंत, अगदी नेमके. उचलून आत घेण्यासाठी लागणारी मोकळीक वजा करायचे राहून गेले. पाच मिलिमीटरच्या टफन्ड काचा सुंदर घासून आल्या आणि एकही आत जाईना.

साधी काच असती तर कापून घेतली असती. टफन्ड काच भट्टीत तापवून एकदम थंड केलेली असते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. कापायला गेले की सबंध काचेचे तुकडे होतात. तेव्हा काचेऐवजी लाकूडच मागे सरकवावे लागले. वरची झालर काढली, तिच्या खालच्या कडेवर दहा मिलिमीटरचा रंधा मारला आणि पट्टी वर नेऊन पुन्हा बसवली. उघड्या पडलेल्या कडेला इपॉक्सी पुन्हा दिले. एका काचेचे वजन सोळा किलो आहे. ती पहिल्यांदा खोबणीत खाली बसली तेव्हा झालेला 'टक्' आवाज आईला स्वयंपाकघरात ऐकू गेला.

दोन काचा एकमेकींवरून जातात, तिथे मध्ये चार-पाच मिलिमीटरची फट राहते. ओलावा नेमका तिथूनच निघून जाईल, म्हणून तिला ब्रशची पट्टी चिकटवली. शोकेसला लावतात ते छोटे कुलूपही लावले. पाहुण्याची नखे काच सरकवण्याइतकी समर्थ आहेत.

१७ नोव्हेंबर

विजेचे सामान महाराणी रोडवरून आणले. आतील मांडणी अशी आहे : उजव्या वरच्या कोपऱ्यात शेकण्यासाठी १०० वॉटचा हॅलोजन, त्याला लागूनच ३९ वॉटची, ३४ इंची टी-५ अतिनील नळी, आणि मध्यभागी रात्रीसाठी १५० वॉटचा सिरॅमिक हीटर, जो उष्णता देतो पण उजेड अजिबात देत नाही. होल्डर चिनी मातीचेच घेतले. साधे बॅकेलाइटचे होल्डर या हीटरखाली काही महिन्यांत ठिसूळ होतात. दिव्यांच्या वर छताला सिमेंट बोर्डाचा तुकडा अंतर ठेवून लावला आहे आणि प्रत्येक गरम वस्तूभोवती अर्धा इंची वेल्डमेशचा (जोडलेल्या तारांच्या जाळीचा) पिंजरा आहे, कारण इग्वाना गरम दिव्यावर चढून बसतो आणि कातडी भाजेपर्यंत उठत नाही.

हॅलोजन आणि अतिनील नळी एकाच कोपऱ्यात ठेवण्याचे कारण लिहून ठेवतो, कारण दोनदा कोणी तरी मला ते विचारले आहे. अतिनील-बी किरणांनी कातडीत जीवनसत्त्व डी-३ चे पूर्वरूप तयार होते आणि त्या पूर्वरूपाचे डी-३ होते ते शरीराच्या उष्णतेने. किरण एकीकडे आणि ऊब दुसरीकडे असेल, तर प्राणी उबेकडे जातो आणि किरण फुकट जातात. डी-३ नसेल तर कॅल्शियम कितीही खाऊ घातले तरी अंगी लागत नाही. हाडे मऊ होतात, जबडा सुजतो, मागचे पाय थरथरतात. खिडकीतल्या उन्हावर विसंबता येत नाही, कारण साधी काच अतिनील-बी जवळपास सगळेच अडवते. पूर्वीच्या टाकीवर मी नळीखाली बारीक मच्छरजाळी लावली होती, तीही किरणांचा बराच भाग खात असणार. आता नळी थेट आत आहे आणि वरच्या कट्ट्यावर बसलेल्या पाहुण्याच्या पाठीपासून तिचे अंतर ३५ ते ४० सेंटिमीटर राहते.

तापमानासाठी दोन एसटीसी-१००० नियंत्रक आहेत, एक हॅलोजनला आणि एक सिरॅमिक हीटरला. ठरवलेल्या तापमानापासून किती घसरल्यावर हीटर पुन्हा लागावा, ती फरकाची मर्यादा १ अंशावर ठेवली. तीनावर ठेवली असता हीटर फार वेळ बंद राहत होता. संपूर्ण जोडणी ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) आहे आणि प्रत्येक वायर होल्डरकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर जाते, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, होल्डरमध्ये शिरणार नाही. पाणी आणि वीज एकाच खोक्यात असताना हा खर्च टाळण्यासारखा नाही.

२४ नोव्हेंबर

आठ दिवस कपाट रिकामे चालवले. आकडे पहिल्या दिवसापासून इतके चांगले होते की मला संशय आला.

शेकायच्या कट्ट्यावर मी कोट्याच्या फरशीचा तुकडा ठेवला होता. दगड दिवसभर ऊब धरून ठेवील आणि पुसायलाही सोपा जाईल, असा विचार. नियंत्रकाचा सेन्सर फरशीपासून वीतभर बाजूला हवेत लोंबत होता आणि तो ३६ दाखवत होता. आज लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक थेट फरशीवर धरली तर आकडा ५१ आला. विश्वास बसेना म्हणून तळहात टेकवला आणि लगेच उचलला. पाहुणा याच दगडावर पोट टेकून बसणार होता. इग्वाना उन्हात पाठ वरून तापवतो. पोटाखालचा चटका त्याला वेळेवर कळत नाही.

फरशी काढली. तिच्या जागी पेरूच्या लाकडाची फळी लावली, दिवा बारा सेंटिमीटर वर नेला आणि सेन्सर फळीच्याच पातळीवर, पण दिव्याच्या थेट झोतातून जरा हटवून, क्लिपने पक्का केला. चार तासांनी फळीचा पृष्ठभाग ३८, हवा ३३.

आर्द्रतामापकांचेही असेच. तीन मापक एकाच जागी ठेवले असता ५८, ६६ आणि ७१ असे तीन आकडे आले. मग बाटलीच्या झाकणात मीठ भिजवून त्याचा लगदा केला, तो तिन्ही मापकांबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवला. भिजलेल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, त्यामुळे कोणता मापक किती चुकतो हे सकाळी कळले. प्रत्येकावर फरकाची चिठ्ठी चिकटवली आहे. सर्वात महाग मापक सर्वात जास्त चुकणारा निघाला.

१ डिसेंबर

फांद्या पेरूच्या आहेत, आमच्या ओळखीच्यांच्या मळ्यातून छाटणीत निघालेल्या. पेरूचे लाकूड चिवट असते, साल गुळगुळीत असते आणि पाल्याचीही भीती नसते, कारण पेरूची पाने तो खातोही. कण्हेरीची फांदी चुकूनही येऊ नये, कारण ती सबंध विषारी असते. फांदीची जाडी पाहुण्याच्या अंगाइतकी निवडली. बारीक फांदीवर त्याला नखांनी लटकावे लागते, जाड फांदीवर तो चारही पाय सैल सोडून झोपतो. दोन टोकांना आतून लाकडी गुटके लावून त्यांत बोल्ट घेतले. फांद्या तिरप्या, खालून वर जाणाऱ्या ठेवल्या आहेत, म्हणजे तळाच्या २६ अंशांपासून वरच्या ३८ अंशांपर्यंत त्याला हवी ती जागा निवडता येईल.

दुपारी त्याला आत सोडले. पहिला तासभर तो उंबरठ्याशी चपटा होऊन बसला, अंग काळसर झाले होते. मग एकदम तीन उड्यांत वर गेला आणि थेट छताच्या कोपऱ्यात, जिथे मी काहीच केले नव्हते तिथे, वायरीच्या पट्टीवर पाय ठेवून बसला. ती पट्टी रात्रीच वेल्डमेशने झाकली.

८ डिसेंबर

खाण्याचा थाळा तळाशी ठेवला असता तो दुर्लक्षित राहिला. मधल्या कट्ट्यावर आणल्यावर दहा मिनिटांत शेवग्याचा पाला संपला. नंदलालपुऱ्याच्या मंडईत शेवग्याचा पाला रोज मिळत नाही, तेव्हा अधूनमधून मेथी आणि किसलेला लाल भोपळा चालवतो. पालक देत नाही, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडकवते. तळाला वर्तमानपत्र आहे. वाळू किंवा नारळाचा भुसा पाल्याबरोबर पोटात जाऊन आतडे अडते.

आर्द्रतेचा आकडा मात्र ५० वरच अडकला आहे. हवा खेळण्यासाठी वरची मागची आणि खालची पुढची अशा दोन जाळ्या मी १८ इंच लांब ठेवल्या होत्या; गरम हवा वरून निघून जाते आणि खोलीची कोरडी हवा खालून ओढली जाते, अगदी धुराड्यासारखी. वरच्या जाळीवर सरकती पट्टी लावून ती दोन तृतीयांश बंद केली. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटे चालतो. त्यात बोअरचे पाणी टाकले तेव्हा दोन दिवसांत काचेवर, पानांवर आणि पाहुण्याच्या पाठीवर पांढरी भुकटी बसली. क्षार पाण्याबरोबर उडतात आणि हवेत पाणी सुकले की मागे उरतात. आता आरओचे पाणी टाकतो. नाकाभोवती जो पांढरा थर उरतो तो वेगळा. इग्वाना जादा मीठ नाकातल्या ग्रंथीतून शिंकून बाहेर टाकतो. आई प्रत्येक शिंकेला "सत्य आहे" म्हणते.

१८ डिसेंबर

गच्चीवरच्या तापमापकात पहाटे पाच वाजता ७ अंश होते. खोलीत १४, कपाटात सर्वात खाली २३.५. रात्री दीड ते साडेचार वीज गेली होती. सिरॅमिक हीटर एकटाच इन्व्हर्टरवर टाकलेला असल्यामुळे निभावले. दीडशे ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीवर घरातले दोन पंखे आणि दिवे बंद ठेवल्यास तो सहा तास चालायला हरकत नाही. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून एक इंची थर्माकोल लावल्याचा मोठा फायदा झाला. तो लावण्याआधी हीटर रात्री जवळपास अखंड चालू असे. आता साधारण निम्मा वेळ चालतो. सगळे मिळून दिवसाला साडेतीन युनिट जातात.

५ जानेवारी २०२५

ज्याची भीती होती तेच झाले, पण जिथे भीती होती तिथे नाही. टबाखाली, डाव्या मागच्या कोपऱ्यात, तळाचा प्लाय रुपयाएवढ्या जागेत फुगला आहे. बोटाने दाबले की इपॉक्सीचा पापुद्रा हलतो. कारण शोधायला वेळ लागला : पंचवीस लिटरचा टब मी दर दिवसाआड ओढत उंबरठ्यापर्यंत आणत होतो आणि त्याच्या तळाच्या कंगोऱ्याने इपॉक्सीवर एक बारीक चरा पाडला होता. पाहुणा शौचाला पाण्यातच जातो, त्यामुळे टब उपसणे चुकवता येत नाही.

तेवढी जागा खरवडली, हेअर ड्रायरने दोन दिवस वाळवली, इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरली आणि वर संपूर्ण तळाला विनाइलची अखंड चादर घातली. तिच्या कडा चार इंच वर वळवून सिलिकॉनने बंद केल्या. फंगसरोधक औषध मिसळलेले सिलिकॉन न्हाणीघरासाठी असते, इथे मत्स्यटाकीचे वापरले. टबाच्या तळाला सव्वा इंची पीव्हीसी नळी आणि बाहेर बॉल व्हॉल्व्ह जोडला. आता टब जागचा हलत नाही. खाली बादली ठेवून व्हॉल्व्ह फिरवायचा. ही बादली आणि घासणी वेगळी असून स्वयंपाकघराच्या सिंककडे कधीही जात नाही, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. या एका नियमावर आई आणि माझे प्रथमच पूर्ण एकमत झाले.

हे व्हॉल्व्हचे काम नकाशातच करायला हवे होते. तयार तळाला भोक पाडताना मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा भाव मला पुष्कळ काही सांगून गेला.

१४ जानेवारी

पहाटे काचेवर दव धरते आणि दहा वाजेपर्यंत सुकते. आर्द्रता सकाळी ७४, दुपारी ६३. इतका चढउतार चालेल. कोपऱ्यांत बुरशी नाही.

२३ फेब्रुवारी

तीन आठवड्यांपासून पाहुण्याचा रंग मळकट दिसत होता. या आठवड्यात कात निघाली. टाकीत असताना कात तुकड्या-तुकड्यांनी निघे आणि बोटांवर अंगठीसारखी अडकून राही. तशी राहिलेली कात वाळून आवळत जाते, रक्तपुरवठा बंद होतो आणि बोटाचे टोक गळून पडते. उजव्या मागच्या पायाचे सर्वात लांब बोट गेल्या वर्षी असेच काळे पडू लागले होते, तेव्हा कोमट पाण्यात रोज वीस मिनिटे बसवून ते वाचवले होते. आज वीसही बोटे भिंगाखाली पाहिली. सगळी स्वच्छ आहेत. शेपटीच्या टोकावर मात्र दोन सेंटिमीटरची कात अजून आहे. पाठीवरचा मोठा पापुद्रा पेरूच्या फांदीच्या खडबडीत गाठीवर अडकलेला सापडला. ती गाठ तासून टाकायचे मी डिसेंबरपासून ठरवत होतो. आता तशीच ठेवणार आहे.

वजन ९४० ग्रॅम, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३०.५ सेंटिमीटर.

मार्चच्या आत तीन कामे उरली आहेत. अतिनील नळीवर बसवल्याची तारीख लिहायची, कारण ती दिसायला पेटत राहते पण तिचे किरण वर्षभरात ओसरतात. वरच्या जाळीची पट्टी उन्हाळ्यात पूर्ण उघडता येईल अशी लांब करायची. आणि खोलीच ४० अंशांकडे जाऊ लागेल तेव्हा हॅलोजन आपोआप बंद राहील, पण त्याबरोबर अतिनील नळी बंद पडता कामा नये. सध्या दोन्ही एकाच टायमरवर आणि एकाच नियंत्रकामागे आहेत. मिस्त्रींना बोलावले आहे, ते रविवारी येतो म्हणाले. कोणत्या रविवारी, ते विचारायचे राहिले.